रिलॅक्स केलेले केस वाढतात पण खांद्याखाली जातच नाहीत, आणि त्यात स्टायलिस्ट बदलली: नेमकं कुठे बिघडतं

तर प्रॉब्लेम असा आहे. केस रिलॅक्स करून, म्हणजे पार्लरमध्ये केमिकलच्या क्रीमने कुरळे केस सरळ करून, बरीच वर्षं झाली, दर दोन-तीन महिन्यांनी मुळाशी कुरळी वाढ दिसते म्हणजे केस वाढतायत हे नक्की, पण लांबी बघायला गेलं की खांद्यावर गाडी अडते ती अडतेच. शॅम्पू बदलून झाला, तेल बदलून झालं, गोळ्या खाऊन झाल्या. मग मधेच जुनी स्टायलिस्ट काम सोडून जाते, आपण नवीन खुर्चीत जाऊन बसतो आणि दीड महिन्यात वेणीची शेपटी आणखी बारीक होते. माझं हे तीनदा झालं. दोनदा मी नशिबाला आणि पाण्याला दोष दिला, तिसऱ्यांदा मात्र जरा शांतपणे बसून बघितलं, आणि जे सापडलं ते इथे लिहितेय.

आधी एक करा, काहीही विकत घ्यायच्या आधी. आठवडाभर कंगव्यात आणि बाथरूमच्या जाळीवर अडकलेले केस फेकू नका, एका डबीत ठेवा. मग ते पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. ज्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढुरका गोळा आहे तो मुळापासून गळलाय, म्हणजे त्याचं आयुष्य संपलं आणि तो पडला. असे दिवसाला ५० ते १०० पडणं नॉर्मल आहे, घाबरायचं कारण नाही. पण ज्या तुकड्याला दोन्ही बाजूंना गोळा नाही आणि जो तुमच्या लांबीपेक्षा आखूड आहे, तो तुटलाय. माझ्या कागदावर पूर्ण लांबीचे केस मोजून वीस-बावीस निघाले आणि तुकडे इतके की मोजायचा कंटाळा आला. तिथेच कळलं की वाढीच्या गोळ्या खाऊन काहीही होणार नव्हतं, कारण वाढ अडलेलीच नव्हती.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर. एवढे जर वरून येत असतील आणि लांबी तीच राहत असेल तर खालून तेवढेच जातायत. साधा हिशोब आहे, पण मला तो कळायला पाच वर्षं लागली!

आता तुकडे कुठून आले ते बघायचं. तुकडे दोन-चार सेंटीमीटरचे असतील तर टोकं झिजतायत, म्हणजे हीट, विंचरणं, कपड्यांवर घासणं वगैरे. तुकडे लांब असतील आणि डोक्यावर ठरावीक उंचीवर खुंटासारखे केस उभे दिसत असतील तर केस नवीन वाढ आणि जुना रिलॅक्स केलेला भाग जिथे जुळतात तिथे तुटतायत. दोन वेगळ्या पोतांचा तो सांधा असतो, वरचा भाग कुरळा आणि ताकदवान, खालचा सरळ आणि अशक्त, आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. कपाळाच्या कडेचे, कानशिलांचे केस विरळ होत असतील तर ती वेगळी गोष्ट, तिथे बहुतेक वेळा ओढून बांधलेला अंबाडा किंवा घट्ट वेण्या कारणीभूत असतात. रिलॅक्स केलेल्या केसांवर घट्ट वेण्या घालणं तर सगळ्यात वाईट, कारण तिथले केस वर्षानुवर्षं असे ओढले गेले तर ते परत येतच नाहीत अशी वेळ येऊ शकते.

माझे सांध्यावरही तुटत होते आणि खालीही. आणि त्याचं कारण होतं खुर्चीत.

रिलॅक्सर, म्हणजे हे केस सरळ करणारं क्रीम, केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतो. सोडियम हायड्रॉक्साइडवाल्या क्रीमचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ म्हणजे मधलं, त्यावर अल्कली) १३ च्या आसपास असतो, आपल्या केसांना मानवतो ५ च्या आसपासचा. त्या क्रीमने एकदा सरळ झालेला केस कायमचा सरळ, तो परत कुरळा होत नाही. मग त्याला पुन्हा क्रीम लावायची गरज काय? काहीच नाही. फक्त मुळाशी आलेल्या नवीन वाढीला लावायचं असतं, दोन-तीन सेंटीमीटर, बस्स. पण प्रत्यक्षात काय होतं, घाईत क्रीम खाली ओघळतं, किंवा स्टायलिस्ट म्हणते "सगळीकडून फिरवून घेऊ, म्हणजे एकसारखं दिसेल", आणि वरून कंगव्याने टोकापर्यंत ओढून घेते. आता गंमत बघा. खांद्यावर पोचलेलं केसाचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वी मुळाशी होतं. दर तीन महिन्यांनी जर क्रीम टोकापर्यंत गेलं असेल तर त्या टोकाने आठ-दहा वेळा रिलॅक्सर खाल्लाय. ते तिथे तुटणार नाही तर काय होणार. प्रत्येकीची अडण्याची लांबी वेगळी का असते तेही यातूनच कळतं, कोणाचे केस पाच वेळा सहन करतात, कोणाचे दहा वेळा.

आणि स्टायलिस्ट बदलली की हे हमखास होतं. वाईट मनाने कोणी करत नाही. नवीन बाईला तुमचा सांधा कुठे आहे ते माहीत नसतं, आधीचीने काय लावलं होतं ते माहीत नसतं, पहिल्याच वेळी छान सरळ रिझल्ट दाखवायचा असतो, म्हणून ती जरा जास्त लावते, जरा जास्त वेळ ठेवते. माझ्या तिसऱ्या वेळी ती मुलगी खरंच हुशार होती, हात भराभर चालायचा, केस वाळवल्यावर आरशात इतके सुंदर दिसत होते की मी तिला दोनदा थँक्यू म्हटलं. पाचव्या दिवशी केस धुतले तर ओले केस बोटांत जुन्या रबरबँडसारखे ताणले जायला लागले, ताणले की परत येईनात, आणि मग तुटले. त्या दिवशी बेसिनमध्ये जे दिसलं ते मी विसरणार नाही.

म्हणून आता नवीन स्टायलिस्टकडे पहिल्या दिवशी रिलॅक्सर करून घ्यायचाच नाही हा माझा नियम आहे. पहिल्यांदा नुसतं धुवून घ्यायचं आणि टोकं कापून घ्यायची. तेवढ्यात सगळं कळतं. ती ओले केस विंचरते कसे ते बघा, टोकापासून सुरू करून हळूहळू वर जाते की मुळापासून सरळ खाली खेचते. शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या कोणाचं चालू असेल तर तिथे नजर ठेवा, क्रीम लावताना टायमर लावलाय का, हातात ग्लोव्हज आहेत का, की एकीला क्रीम लावून ठेवून दुसरीचं आयब्रो करायला गेलीय. अर्धा सेंटीमीटर काप म्हटल्यावर अर्धाच कापते का हीही एक परीक्षाच. जी बाई कात्री लावताना ऐकत नाही ती क्रीम लावताना ऐकेल यावर माझा विश्वास नाही.

मग विचारायचं. प्रश्न फार नाहीत, खरं तर एकच कामाचा आहे: "माझ्या जुन्या केसांना तुम्ही काय लावणार?" याचं बरोबर उत्तर म्हणजे नवीन वाढीला रिलॅक्सर लावायच्या आधी जुन्या लांबीवर कंडिशनर किंवा जाडसर क्रीम लावून ती झाकणार, म्हणजे धुताना ओघळलं तरी थेट बसत नाही. "काही होत नाही हो, आम्ही रोज करतो" असं उत्तर आलं तर मी हसून टोकं कापून घेते आणि निघते.

दुसरं, तुमचा इतिहास तुम्हीच घेऊन जा. मी फोनमध्ये एक नोट ठेवलीय, त्यात तारीख, प्रॉडक्टचं नाव, क्रीम किती जोरदार ते (माइल्ड की रेग्युलर की सुपर), किती मिनिटं ठेवलं, कुठे झोंबलं, आणि मधल्या काळात केलेला कलर, मेंदी, केराटिन, सगळं. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पण काढून ठेवते. हे एवढं का, तर पार्लरमध्ये रिलॅक्सिंग, स्मूदनिंग, रीबाँडिंग, केराटिन ही नावं कशालाही लावतात आणि आतलं केमिकल वेगवेगळं असतं. डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड असेल, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या क्रीममध्ये ग्वानिडीन कार्बोनेटचं पाणी मिसळायचं असेल, तर तो हायड्रॉक्साइड गट. अमोनियम थायोग्लायकोलेट लिहिलं असेल तर थायो गट, रीबाँडिंगमध्ये बहुधा हाच असतो आणि त्याच्यानंतर वेगळा न्यूट्रलायझर लावून बंध परत जोडतात. हे दोन गट एकमेकांवर चालत नाहीत. थायो केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइड लावला तर केस हातात येऊ शकतात, उलटंही करायचं नाही. आणि नवीन स्टायलिस्टकडे नेमकं हेच होतं, तुम्ही सांगता "मागच्या वर्षी सरळ केले होते" आणि ती आपल्याकडचं जे आहे ते लावते. ब्लीच केलेले केस असतील तर रिलॅक्सरचा विषयच काढू नका. मेंदीच्या काही तयार पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात, तेही सांगायचं, लाजायचं नाही.

आधी काय लावलं होतं हे अजिबातच आठवत नसेल तर स्ट्रँड टेस्टशिवाय पुढे जाऊ नका. मानेजवळची, वरच्या केसांखाली लपेल अशी पेन्सिलएवढी बट घ्यायची, तिच्या नवीन वाढीला ठरलेलं क्रीम ठरलेला वेळ लावायचं, धुवायचं, न्यूट्रलाइज करायचं, वाळवायचं. मग दोन-तीन दिवस थांबून ती बट ओली करून हळू ताणून बघायची. थोडी ताणून परत जागेवर आली तर ठीक. ताणतच राहिली आणि लिबलिबीत लागली तर केसातलं प्रोटीन गेलंय, अजून काही लावायचं नाही. जराही न ताणता कट्कन तुटली तर ओलावा नाही. हा वेळखाऊ प्रकार आहे हे मान्य, काही स्टायलिस्ट तोंड वाकडं करतात, करू दे.

ज्या दिवशी करायचं त्याच्या आधी दोन-तीन दिवस केस धुवायचे नाहीत आणि डोकं खाजवायचं नाही, नखाचा साधा ओरखडाही क्रीम लागल्यावर आगीसारखा झोंबतो. टाळूवर फोड किंवा जखम असेल तर तारीख पुढे ढकला. क्रीमच्या आधी टाळूला, कपाळाच्या कडेला, कानांना पेट्रोलियम जेलीचा थर लावायला सांगा, सगळ्याच जणी स्वतःहून लावत नाहीत. आणि चुरचुरायला लागलं की लगेच सांगायचं. "अजून दोन मिनिटं सहन करा म्हणजे छान बसेल" हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी कानामागे खपली घेऊन घरी आलेय. झोंबलं म्हणजे जास्त चांगलं चढलं असं काहीही नसतं, तो केमिकलचा चटका असतो.

धुताना मात्र घाई होते आणि तिथे बरंच बिघडतं. कोमट पाण्याने नीट, बराच वेळ धुवायचं, मग न्यूट्रलायझिंग शॅम्पू, म्हणजे राहिलेल्या क्रीमचं काम थांबवणारा. हायड्रॉक्साइडवाल्यांसाठी जो असतो त्यात बऱ्याचदा रंग बदलणारं काहीतरी घातलेलं असतं, क्रीम राहिलं असेल तर फेस गुलाबी येतो. फेस पूर्ण पांढरा येईपर्यंत धुवायचं, दोनदा लागेल, तीनदा लागेल. मी बेसिनवर मान टाकूनच विचारते, "ताई, फेस कुठला येतोय?" ती हसते पण बघते. कानांमागे आणि मानेवरच्या केसांत क्रीम हमखास अडकून राहतं, तिथे बोट घालून परत धुवायला सांगा. केसात राहिलेलं क्रीम घरी आल्यावरही आपलं काम करत राहतं.

आणि एक माझं मत, पटलं तर घ्या: काठीसारखे सपाट सरळ केस मागू नका. मी आता वेळ जरा कमी ठेवून घेते, थोडा मूळचा पोत राहू देते. फोटोत जरा कमी चकचकीत दिसतात पण केस जाड राहतात, आणि सांध्यावरचा फरकही कमी होतो म्हणून तिथे कमी तुटतात. जुन्या स्टायलिस्टला हे पटायचं नाही, तिला ते अर्धवट काम वाटायचं.

दोन टच-अपमध्ये (नवीन वाढीला परत क्रीम लावणं) ८ ते १२ आठवडे, मी १२ पर्यंत ओढते. सहा आठवड्यांनी गेलं तर वाढ एवढीशीच असते, तिच्यावर क्रीम लावताना जुन्यावर जाणारच, कितीही चांगला हात असू दे. पण जास्त ओढण्यालाही मर्यादा आहे, वाढ फार झाली की सांध्यावर गुंता व्हायला लागतो आणि तो सोडवताना परत तुटतात. नवव्या-दहाव्या आठवड्यापासून मी कोरडे केस विंचरतच नाही, भरपूर कंडिशनर लावून आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, खालून वर. कलर करायचाच असेल तर रिलॅक्सरनंतर निदान दोन आठवडे जाऊ दे.

घरचं बाकीचं थोडक्यात. आठवड्यातून एकदा डीप कंडिशनिंग. प्रोटीन ट्रीटमेंट महिन्यातून एखादी पुरते, मी एकदा घाबरून दर आठवड्याला केली आणि केस झाडूसारखे कडक झाले, म्हणजे जास्त प्रोटीननेही तुटतात. कॅल्शियमवाला रिलॅक्सर वापरत असाल किंवा पाणी जड असेल तर केसांवर क्षाराचा थर बसतो आणि कितीही कंडिशनर लावा, केस कोरडेच वाटतात, त्यासाठी महिन्यातून एकदा कीलेटिंग शॅम्पू, लेबलवर ईडीटीए बघा. फ्लॅट आयर्न मी १८० डिग्रीच्या वर नेत नाही, आणि ओल्या केसांवर तर कधीच नाही, ओल्या केसात पाणी उकळून आत अक्षरशः बुडबुडे होतात आणि केस तिथून मोडतो. रिलॅक्स केलेल्या केसांना मुळात रोज आयर्न कशाला लागतो हा मला कायमचा पडलेला प्रश्न आहे. झोपताना सॅटिनची उशी किंवा स्कार्फ. रबर बँड नको, कापडी स्क्रंची, आणि रोज त्याच जागी बांधायचं नाही. फाटलेलं टोक कापायचंच, ते जपून ठेवलं तर चीर वर वर जात राहते आणि शेवटी जास्त कापावं लागतं.

तब्येतीचं पण लिहिते, कारण हे कोणी खुर्चीत सांगत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिस्टर स्टडीचा एक निष्कर्ष आला, ३३ हजारांहून जास्त बायकांचा तो अभ्यास, त्यात वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी केमिकल्स वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. आकडे असे होते की न वापरणाऱ्यांपैकी सत्तराव्या वर्षापर्यंत अंदाजे १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांपैकी ४.०५ टक्के. केमिकलमुळेच झाला असं त्याने सिद्ध होत नाही, पण मी टच-अप १२ आठवड्यांवर नेण्यामागे हेही एक कारण आहे. केराटिन किंवा स्मूदनिंगच्या काही क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतो, जो जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने माणसात कॅन्सर करणारा म्हणून नोंदवलाय. लेबलवर फॉर्मल्डिहाइड नसेल पण मिथिलीन ग्लायकॉल असेल तरी तेच. आयर्न फिरवताना डोळे चुरचुरले, घसा धरला तर खिडकी उघडायला सांगा किंवा सरळ उठा. दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ज्यांचे आत्ता तुटतायत त्यांच्यासाठी: सध्या रिलॅक्सर बंद, आयर्न बंद, कलर बंद. सगळ्यात वाईट झालेला भाग कापून टाका, रडू येईल, येऊ दे. नवीन वाढीला वरच्यासारखं सांभाळा आणि ताणायची टेस्ट नीट यायला लागेपर्यंत थांबा, मला सात महिने लागले. टाळूवर चकत्या पडल्या, पू झाला, भाजल्यासारखं वाटत राहिलं तर पार्लरमध्ये विचारत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

सध्याची माझी स्टायलिस्ट चौथी. तिच्याकडे तीन वेळा नुसतं धुवायला आणि कापायला गेले, चौथ्या वेळी क्रीम. आता सव्वा वर्ष झालं, केस खांद्याच्या खाली चार बोटं आलेत आणि डबीत तुकडे कमी, गोळेवाले जास्त निघतात. फक्त मानेवरचा एक पट्टा अजून आखूडच आहे. तिथे क्रीम राहत नाही हे मी दर वेळी बघते, मग लक्षात आलं की थंडीत जी लोकरीची कॉलर घालते ती नेमकी तिथेच घासते. परवा कॉलरच्या आतून सॅटिनचा तुकडा शिवून घेतलाय, दोन महिन्यांनी पट्टा परत मोजणार आहे.